आगीचे ट्रेनिंग घेताय? आधी सर्टिफिकेट नीट वाचा



बंदीचे दिवस आहेत. बोटी धक्क्याला, इंजिने उघडलेली, जाळ्यांची डागडुजी चालू. सभासद विचारतात, "मान्यताप्राप्त कोर्स महाग पडतो, दुसरा अर्ध्या दिवसात स्वस्तात होतो. कुठला करायचा?"

प्रश्न फक्त पैशांचा नाही. 19 नोव्हेंबर 2023 च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात आग लागली आणि बाजूबाजूला बांधलेल्या तीसहून अधिक बोटींपर्यंत पसरली. बोटींवर डिझेल आणि गॅस सिलिंडर होतेच. आपल्या मालीम, कुटबणच्या धक्क्यावर बोटी अशाच चिकटून असतात. एकाची आग ती सगळ्यांची आग.

मान्यताप्राप्त म्हणजे, त्या विषयाच्या सरकारी यंत्रणेने तोच कोर्स तपासून मंजूर केलेला. उदाहरणार्थ, जहाजावरच्या खलाशांसाठी डीजी शिपिंगने मंजूर केलेल्या संस्थांतला अग्निशमन कोर्स. सर्टिफिकेटवर 'आयएसओ 9001' छापले म्हणून कोर्स मान्यताप्राप्त होत नाही. तो शिक्का संस्थेच्या कारभाराचा, कोर्सचा नव्हे. उद्यम नोंदणीचेही तेच. मान्यता कोणी दिली, कुठल्या कोर्सला, कधीपर्यंत, हे विचारा आणि मान्यता देणाऱ्याच्या यादीत नाव बघा.

पण नुसत्या शिक्क्याने आग विझत नाही. कोर्स कुठलाही असो, हे चार प्रश्न विचारा:

1. प्रत्येक माणूस स्वतःच्या हाताने आग विझवणार, की पडद्यावर चित्रे बघणार?
2. पेटत्या डिझेलवर पाणी का मारायचे नाही, हे दाखवणार का? पाण्याने जळते तेल उसळून पसरते.
3. बोटीवरच्या गॅसगळतीबद्दल शिकवणार का? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली तळात जाऊन साचतो. तिथे एक स्विच दाबला तरी पुरे. तसेच बंद इंजिन रूममध्ये सीओटू सोडला तर आतला माणूस गुदमरतो. आधी माणसे मोजायची, मग सोडायचा.
4. शिकवणार कुठल्या भाषेत? आपले बरेच खलाशी ओडिशा, झारखंडचे.

शेवटी अग्निशामक सिलिंडर विकायलाच आलेला ट्रेनर असेल तर लांबच राहा. उलट अग्निशमन दलातून निवृत्त झालेला जाणकार माणूस धक्क्यावर डिझेलची ट्रे पेटवून सराव करून घेत असेल, तर मान्यता नसली तरी तो सराव कामाचा.

आमचे मत असे: तांडेल, इंजिन ड्रायव्हर आणि बर्फ कारखान्याचा ऑपरेटर यांना मान्यताप्राप्त कोर्सच द्यावा. बर्फ कारखान्यातला अमोनिया विषारी असतो आणि हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला की पेटतोही. तिथे अंदाजाने चालत नाही. खलाशांसाठी दर हंगामाला अर्ध्या दिवसाचा सराव पुरे, पण तो बंदीत ठेवून उपयोग नाही. तेव्हा ते गावी असतात. ऑगस्टमध्ये परत आले की बोट सुटण्याआधी घ्यावा.

विमा काढलेल्यांनी कुठले सर्टिफिकेट चालते ते विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. पैसे भरल्यावर विचारून फायदा नाही.

तांडेल आणि ड्रायव्हरची नावे जुलै संपण्यापूर्वी ऑफिसात द्या. खलाशांची संख्या आणि भाषाही लिहा. एकत्र गेलो तर खर्च वाटला जाईल आणि चार प्रश्न ठणकावून विचारताही येतील.

आग लागल्यास जमिनीवर 101 किंवा 112, समुद्रात तटरक्षक दल 1554. हे आकडे केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.

– सचिव