स्वतःचे वळण

गोल्फ हा साहेबांचा खेळ, आपणांस त्याचे काय, असे म्हणून पुष्कळ वाचक हा मजकूर ओलांडून जातील, हे आम्ही गृहीत धरले आहे. चोर्ल्याचा घाट चढून गेले की खानापूर तालुका लागतो. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, पुढे जांबोटीचे रान आणि सीमाप्रश्नाची झळ सोसत आलेली मराठी गावे. कुस्ती म्हटली की या मुलखातला म्हातारासुद्धा ताठ बसतो. गोल्फची काठी मात्र तेथे क्वचितच कोणाच्या हाती पडली असेल. तरीही त्या खेळात चाललेला एक वाद खानापूरच्या तालमीच्या दारापर्यंत येऊन ठेपणारा आहे, म्हणून हा प्रपंच.

पूर्वीचे गोल्फपटू स्वतःच्या हाताने शिकले आणि आजचे खेळाडू फटक्याच्या वळणासाठी सर्वस्वी प्रशिक्षकावर विसंबतात, असा जुन्यांचा आक्षेप आहे. आज काठी उगारणाऱ्या तरुणाभोवती कॅमेरे असतात. रडारवर चालणारे यंत्र काठीचा वेग, चेंडू उडाल्याचा कोन आणि हवेतील त्याची फिरकी क्षणार्धात आकड्यांत सांगते. खांदा किती वळला, कंबर आधी फिरली की हात, याची चिकित्सा संपेपर्यंत चेंडू बिचारा गवतात वाट पाहत असतो. जुन्यांना यातले काही ठाऊक नव्हते. बेन होगन हा टेक्सासमधला कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोरगा. त्याने वर्षानुवर्षे चेंडू मारमारून आपले वळण घडविले आणि १९५७ साली त्यानेच लिहिलेले पाच धड्यांचे पुस्तक पुढे शिकविणाऱ्यांची पोथी झाले. ज्याने स्वतः पोथी उघडली नाही त्याचीच पोथी करण्याची हौस जगात सर्वत्र सारखी दिसते! अलीकडच्या काळात बब्बा वॉटसन या अमेरिकनाने रीतसर शिकवणी न घेता २०१२ आणि २०१४ साली मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकली.

आपल्या देशातही हीच परंपरा आहे. दिल्लीच्या क्लबात कॅडी असलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. २००९ साली तोच मान बंगळूरच्या मुनियप्पा या कॅडीने मिळविला. कलकत्त्याच्या रॉयल क्लबात हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेता ठरला. यांना कोणी शिकविले? इतरांचा खेळ पाहता पाहता डोळ्यांनी जे टिपले, तेच यांचे विद्यालय.

येथपर्यंत आम्ही जुन्यांच्या बाजूचे आहोत. परंतु स्वयंशिक्षणाचे पोवाडे गाणाऱ्यांनी एका माणसाची कथा विसरू नये. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात मजुरीसाठी गेलेल्या भारतीयांच्या वंशातला पापवा सेवगोलम हा कॅडी. उजवा हात वर आणि डावा खाली अशी त्याची काठीवरची पकड सर्व शास्त्राच्या उलट होती. त्याच पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली डच ओपन जिंकली. १९६३ साली दरबानला त्याने नाताळ ओपन जिंकली, तेव्हा क्लबाच्या इमारतीत गोरे खेळाडू बसले होते आणि विजेत्याला बाहेर भर पावसात चषक स्वीकारावा लागला, कारण वर्णभेदाच्या नियमाने त्याला आत प्रवेश नव्हता. १९६५ साली त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्यालाही हरविले. पुढे स्पर्धांचे दारच त्याला बंद करण्यात आले. ही उलटी पकड सरळ करावयास कोणी शिक्षक त्याच्याजवळ आला नाही, याचे कारण त्याची स्वतंत्र वृत्ती एवढेच नव्हते. बंद दाराबाहेर उभे राहून शिकलेल्याचे कौतुक करताना दार कोणी बंद केले, हेही विचारावयास हवे.

आता आपल्या मातीकडे वळू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव वडिलांच्या हाताखाली मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटच्या अपरिचित कुस्तीतही ते सहावे आले. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. गार्डनरने खाशाबा घडविले नाहीत. घडलेल्या खाशाबांना मॅटची रीत दाखविली. ही मर्यादा ओळखणारा शिक्षक आम्हांस हवा आहे. अंगच्या चपळाईवर त्याने रंधा फिरविला असता तर हेलसिंकीला कोण गेले असते?

आज सरकारी प्रशिक्षकपदाला बहुधा पटियाळ्याच्या संस्थेची पदविका लागते. पदविका वाईट नव्हे. शरीरशास्त्र, आहार, दुखापत यांचे ज्ञान गावच्या पोरांना मिळालेच पाहिजे. परंतु पहाटे चारला उठून पोरांकडून जोर-बैठका काढून घेणाऱ्या खेड्यातल्या वस्तादाजवळ कागद नसतो, आणि कागद नसलेल्याचा आवाज कार्यालयात पोहोचत नाही. सीमेवरच्या तालुक्यात तर अर्ज कोणत्या भाषेत करावा येथूनच अडचण सुरू होते. मग शहरातला तरुण प्रशिक्षक येतो, पोराचा हातखंडा डाव पुस्तकात बसत नाही म्हणून मोडतो, आणि बदली होऊन निघून जातो. पोराजवळ ना जुना डाव उरतो ना नवा.

आमची मागणी साधी आहे. वस्तादाला नियमित मानधन मिळावे, आणि नव्या प्रशिक्षकाने पहिला हंगाम त्याच्या शेजारी आखाड्याच्या कडेला बसून नुसते पाहावे. कोणता डाव मोडावयाचा आणि कोणता राखावयाचा, हे त्या दोघांनी मिळून ठरवावे. पोरालाही त्या बैठकीत बसवावे.