व्यवसायाचा करओळख क्रमांक : स्वरूप, वाचन व शोध
(रत्नागिरी जिल्ह्यातील व्यवसायांच्या संदर्भात)

महाविद्यालयाच्या खरेदी समितीसमोर येणाऱ्या दरपत्रकाच्या शिरोभागी बहुधा पंधरा चिन्हांचा एक क्रमांक छापलेला असतो. तो आहे, एवढे पाहून सामान्यतः पुढे जाण्यात येते. वास्तविक हा क्रमांक वाचावयाचा असतो. व्यवसाय कायद्याच्या दृष्टीने कोणाचा आहे, याचे उत्तर दुकानाच्या फलकापेक्षा तो अधिक नेमकेपणाने देतो. प्रस्तुत लेखात या वाचनाचे विवेचन केले आहे.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर लागू झाला. त्याखालील ‘टीआयएन’ २७ ने सुरू होऊन ‘व्ही’ अक्षराने संपत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर बहुतेक व्यापाऱ्यांच्या बाबतीत त्याची जागा ‘जीएसटीआयएन’ने घेतली. पेट्रोल, डिझेल व मद्य यांवर मात्र आजही मूल्यवर्धित करच आहे; त्यामुळे जुना टीआयएन पूर्णतः इतिहासजमा झालेला नाही. (आपल्या वेतनातून कापला जाणारा व्यवसाय कर ज्या क्रमांकाखाली भरला जातो, तो ‘पी’ने संपणारा क्रमांक निराळा, आयकर कपातीसाठीचा ‘टॅन’ही निराळा.)

जीएसटीआयएनमधील पहिले दोन अंक राज्याचे असतात : महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९. पुढील दहा चिन्हे म्हणजे व्यावसायिकाचा पॅन. तेरावे चिन्ह त्या पॅनवर त्याच राज्यात झालेली कितवी नोंदणी हे सांगते, चौदावे सामान्यतः ‘झेड’ असते व पंधरावे पडताळणीसाठी असते. पडताळणीचे चिन्ह जुळले तर क्रमांकाची रचना बरोबर आहे एवढेच सिद्ध होते. नोंदणी चालू आहे, हे नव्हे.

यातील सहावे चिन्ह, म्हणजेच पॅनचे चौथे अक्षर, सर्वांत बोलके आहे. ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे भागीदारी संस्था, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. बाजारपेठेतील एखाद्या पेढीच्या नावात ‘आणि सन्स’ असते, पण सहावे अक्षर ‘पी’ निघते. याचा अर्थ पेढी भागीदारीची नसून एकट्या मालकाची आहे. तो मालक निवर्तला की व्यवसाय मुलाकडे जातो, फलक तोच राहतो, गिऱ्हाईकही तेच. क्रमांक मात्र वडिलांच्या पॅनवर उभा असल्याने मुलाकडे जात नाही. मुलाला व्यवसाय हाती आल्याच्या दिनांकापासून स्वतःच्या पॅनवर नोंदणी घ्यावी लागते, वडिलांची नोंदणी रद्द करून घ्यावी लागते आणि शिल्लक इनपुट टॅक्स क्रेडिट ‘आयटीसी-०२’ या नमुन्याद्वारे स्वतःच्या नावे वळवून घ्यावे लागते. दुःखाच्या दिवसांत हे राहून जाणे स्वाभाविक आहे. परंतु नोंदणी नसलेल्या व्यक्तीस कर म्हणून रक्कम घेता येत नाही. जुन्या क्रमांकावर देयके फाडली गेल्यास खरेदीदाराचे क्रेडिट धोक्यात येते. महाविद्यालयास असे क्रेडिट बहुधा घ्यावयाचे नसते, पण कर म्हणून दिलेले पैसे शासनाकडे पोचले का, हा लेखापरीक्षणातील प्रश्न उरतोच.

क्रमांक नसणे हा दोष मात्र नव्हे. स्वतःच्या बागेतील हापूस विकणाऱ्या बागायतदारास नोंदणीची आवश्यकता नाही. ताजे आंबे करमुक्तच आहेत. डबाबंद आमरस करपात्र आहे. केवळ मालाचा व्यापार असल्यास सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणीतून सूट मिळते; तथापि तोच आमरस बेळगाव वा पणजीच्या व्यापाऱ्यास विकला, तर उलाढाल कितीही असो, आंतरराज्य विक्रीमुळे नोंदणी अनिवार्य होते. जिल्ह्यातील लहान प्रक्रिया उद्योजकांनी हा भेद विशेष लक्षात घ्यावा, असे वाटते.

क्रमांक शोधण्याची ठिकाणे मोजकीच आहेत. नोंदणीकृत व्यावसायिकाने तो प्रवेशद्वारावरील नामफलकावर लिहिणे व नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागी लावणे नियमानुसार बंधनकारक आहे. कर बीजकावर तो असतोच. जीएसटी पोर्टलवरील ‘सर्च टॅक्सपेयर’ या सुविधेत लॉग-इन न करता क्रमांकावरून नोंदणी पाहता येते; पॅन दिल्यास त्यावरील सर्व राज्यांतील नोंदण्या दिसतात. तेथे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, व्यवसायाचे स्वरूप आणि नोंदणीची स्थिती दर्शविली जाते. व्यापारी आपसमेळ योजनेत असेल तर त्यास देयकात कर आकारता येत नाही, हेही तेथेच ताडून पाहावे. नोंदणी रद्द झालेली दिसल्यास ती कोणत्या दिनांकापासून रद्द झाली हे पाहून देयकाच्या दिनांकाशी त्याची तुलना करावी.