गटाराचं पाणी, कारखान्याच्या तोंडी

विदर्भातल्या कारंजा गावाला ज्यांच्यावरून नाव पडलं म्हणतात, त्या करंज ऋषींची व्याधी देवीने निर्माण केलेल्या तळ्यात अंघोळ केल्यावर गेली, अशी आख्यायिका आहे. तेव्हा पाणी माणसाला बरं करायचं. आता आजारी पाण्यालाच बरं करावं लागतं, आणि त्या दवाखान्यांच्या गमती भारी आहेत.

नामिबियाची राजधानी विंडहूक १९६८ पासून शहराचं सांडपाणी शुद्ध करून, धरणाच्या पाण्यात मिसळून, नळाला सोडते. लोक पितात, काही बिघडत नाही. पण कारखान्यांचं सांडपाणी? ते तिथे आसपासही फिरकू देत नाहीत, त्याची वाटच वेगळी. घरचा मैला ओळखीचा असतो, जिवाणू तो आवडीने फस्त करतात. कारखान्यातून मात्र आज रंग येईल, उद्या क्रोमियम, परवा आणखी काही, भरवसा नाही.

आपल्या विदर्भाने हीच गोष्ट उलटी केली, आणि मला ती जास्त पटते. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होतं आणि कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर. २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला निघालेली पन्नास वाघिणींची पाणीगाडी आठवते? तिच्यात २५ लाख लिटर मावायचं. म्हणजे रोज अशा ५२ गाड्या! वीजकेंद्राला हे पाणी मुख्यतः वाफ थंड करायला लागतं. त्याला चवीशी काय देणंघेणं? तेवढं पेंच धरणाचं पाणी माणसांसाठी वाचतं. मुंबईत चेंबूरच्या आरसीएफ खत कारखान्याने तर हा उद्योग नागपूरच्या कितीतरी आधी सुरू केला.

अशा शुद्धीकरणात बऱ्याच ठिकाणी, घरच्या फिल्टरमध्ये असतो तसाच, आरओचा पडदा असतो. तो इतका कडक की पाण्याबरोबर येणारे चांगले क्षारही अडवतो. पिण्यासाठी ते मागाहून परत घालावे लागतात. अडलेलं खारट पाणी घरी बारीक नळीतून मोरीत जातं; हुशार गृहिणी तिथे बादली लावते आणि त्याने फरशी पुसते. तिरुपूरचे कापड रंगवणारे याच्या पुढचे: ते खारट पाणी आटवतात, मीठ काढतात आणि तेच पुन्हा रंगाच्या हौदात टाकतात.

अंतराळ स्थानकात तर मूत्र नि घाम धरून ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने २०२३ मध्ये सांगितलं.

सिंगापूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी मुख्यतः चिपचे आणि इतर कारखाने वापरतात. थोडं जलाशयात सोडतात. आणि त्या पाण्याची 'न्यूब्रू' नावाची बिअरही निघाली. आपल्याकडे अशा पाण्याचा साधा चहा ठेवला, तरी कप हातात घ्यायच्या आधी प्रश्न येईल: "पाणी कुठलं हाय बाप्पा?"