पाप, तारण आणि साष्टीतील पुराण

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथाचा विषय एका वाक्यात सांगता येतो: माणूस देवापासून कसा दुरावला आणि देवाने त्याला परत कसे आणले. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाला हे सांगण्यासाठी ओवीच योग्य वाटली, यावरून त्याला आपल्या श्रोत्यांची किती जाण होती हे दिसते.

अडचण होती ती मात्र ‘पाप’ या शब्दाचीच. साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांना तो परका नव्हता. पाप-पुण्याचा हिशेब, कर्माचे फळ, पुढचा जन्म हे सारे त्यांच्या बोलण्यात होतेच. परंतु कर्मविचारात ज्याचे कर्म त्यालाच फळ. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात आदाम आणि एवा यांच्या एका आज्ञाभंगाची झळ साऱ्या मानवजातीला लागते. पूर्वजांच्या चुकीचा भार आपण का वाहावा, हा प्रश्न तेव्हाही पडला असणार. आजही तो विचारला जातो.

कॅथलिक शिकवणीचे उत्तर असे की, आदिपाप हा प्रत्येकाने स्वतः केलेला गुन्हा नव्हे, तर वारशाने आलेली उणीव आहे. वतन गमावलेल्या घराण्यात जन्मलेल्या मुलाने काहीच गमावलेले नसते, तरीही ते वतनाबाहेरच जन्मते. येथे गमावले ते देवाशी असलेले सख्य. संत ऑगस्टीन यांनी या वारशात दोषही पाहिला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा मृत्यूचा वारसा मानते, दोषाचा नाही.

सख्य तुटले असेल तर उपाय केवळ शिक्षामाफीचा असून भागत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट याच कारणाने महत्त्वाची ठरते. सर्वस्व उडवून परतणारा मुलगा बापाच्या घरी चाकर म्हणून राहायला तयार आहे. बाप त्याला उंची झगा, अंगठी आणि पायतण देतो, म्हणजे चाकरी नव्हे तर पुत्रत्व परत देतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रात पुनःस्थापना म्हणतात ती हीच. ती माणसाने कमावलेली नसते. क्रुसावरील मरण आणि पुनरुत्थान यांतून ख्रिस्त ती मिळवून देतो, अशी श्रद्धा आहे. मराठी बायबलमधील ‘तारण’ आणि ‘समेट’, गोव्यातील ख्रिस्ती घरांतले ‘कुर्पा’ आणि ‘सोडवणदार’ हे शब्द याच विचाराभोवतीचे आहेत.

मोक्षाशी तिचे साम्य वरवरचे आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे हे येथे ध्येय नाही. देहासह सारी सृष्टी नवी होईल, अशी येथे आशा आहे. तरीही स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. हे धाडसच म्हणावे लागेल, कारण असा शब्द आपला जुना अर्थ सहजासहजी टाकून येत नाही.

पुनःस्थापना कृपेने मिळत असली, तरी माणसाला त्यात काही करावे लागत नाही असे नाही. कुमसारात, म्हणजे धर्मगुरूपुढील पापकबुलीत, क्षमा मिळते. पण चोरलेली वस्तू परत करणे, मोडलेले भरून देणे हे कर्तव्य उरतेच. देवाशी समेट झाला म्हणून शेजाऱ्याचे देणे फिटत नाही.

ही शिकवण साष्टीत पोचली ती सत्तेच्या सावलीत, हेही येथे सांगायला हवे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातील अनेक देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. पुढे गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलणीसाठी बोलावून पोर्तुगिजांनी ठार केले. स्टीफन्स यांचे पुराण छापले गेले ते त्यानंतर ३३ वर्षांनी, त्याच तालुक्यात. मारल्या गेलेल्या जेझुइटांना १८९३ मध्ये पोपनी ‘धन्य’ घोषित केले. गावप्रमुखांचे स्मारक व्हायला मात्र त्याहूनही अधिक काळ जावा लागला.