खाणीच्या अर्जात पावसाळा कुठे आहे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात कळणे गावात लोहखनिजाच्या खाणीसाठी 2008 मध्ये जनसुनावणी ठरली, तेव्हा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल ग्रामपंचायतीला मराठीत वेळेवर मिळालाच नव्हता. सुनावणी पुढे ढकलावी लागली. पुढे ती झाली, गावकऱ्यांनी विरोध नोंदवला आणि मार्च 2009 मध्ये केंद्राने पर्यावरण मंजुरी दिली. जुलै 2021 च्या मुसळधार पावसात याच खाणीत तुंबलेल्या पाण्याने बांध फोडला आणि लाल चिखल लोकांच्या घरांत, बागायतीत शिरला. त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणून मोकळं होता येतं. पण कोकणात जुलैत पाऊस कोसळणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. प्रश्न असा आहे, की खाणीच्या अर्जात त्या पावसाचा हिशेब कुणी आणि कसा मांडला?

2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाणीचा अर्जदार स्वतःच सल्लागार नेमतो, त्याचे पैसे देतो आणि अहवाल करून घेतो. हवा, पाणी, माती, झाडं-प्राणी यांची मूळ स्थिती मोजायला साधारण एकच हंगाम पुरेसा धरला जातो आणि नियमच सांगतो, की तो पावसाळ्याखेरीजचा असावा. कोरड्या मुलखात हे चालून जात असेल, पण सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जांभ्याचा सडा हे पाणी पोटात घेतो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून, विहिरींतून ते हळूहळू परत देतो. खालच्या माड-पोफळी त्यावरच उभ्या असतात. खनिजासाठी हा थर काढला आणि खड्डा भूजलाच्या खाली गेला, की उन्हाळ्यात त्यातलं पाणी पंपाने उपसावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी आटू लागतात. पावसाळ्यात तोच खड्डा भरतो, आणि टाकाऊ मातीचे ढीग ओहोळात उतरतात. अभ्यासाचं क्षेत्रही खाणीभोवतीच्या 10 किलोमीटरच्या वर्तुळापुरतं. नदी हे वर्तुळ मानत नाही. डोंगरातला गाळ खाडीत उतरून तिसऱ्यांवर, कालवांवर बसला, तर देवबाग-तळाशीलसारख्या खाडीमुखावरच्या मच्छीमाराला अर्जात जागाच नसते.

या त्रुटी भरून काढणारी माहिती सुनावणीत समोर येते, आणि तिथेच ती वाया जाते. कुठला झरा मे अखेरपर्यंत टिकतो, कुठला ओहोळ कुठल्या पावसात पात्र सोडतो, हे शेतकऱ्याने सांगितलं, तर ते निरीक्षण असतं. इतिवृत्तात मात्र ते ‘विरोध’ या एका शब्दात गुंडाळलं जातं. लोक भावनेच्या भरात बोलतात, बाहेरचे त्यांना चिथावतात, असा आक्षेप घेतला जातो. कधी तसं होतही असेल. पण म्हणणं खोटं असेल तर ते मोजमापाने खोडून काढावं. गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात, ‘उत्कर्ष मंडळ’ खटल्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये हेच सांगितलं: हरकतींचा विचार झाला, हे तज्ज्ञ समितीच्या कारणांतून दिसलं पाहिजे. आणि माहिती दडवणं किती महागात पडू शकतं, हे गोव्यातल्याच मोपा विमानतळाच्या निकालात दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, कारण अर्जात परिसरातल्या जंगलांची नीट नोंद नव्हती. पुढच्या जानेवारीत काम पुन्हा सुरू झालं, पण अधिक अटींसह.

रोजगाराचा मुद्दा मी हलका मानत नाही. तरुण मुंबई-गोव्याला जातात, घरं कुलूपबंद राहतात, हे खरं आहे. मात्र खनिज संपतं तेव्हा खाणीची नोकरीही संपते, आणि आटलेली विहीर तशीच राहते. म्हणून खाणीच्या नोकऱ्या मोजताना बागायतीतला आणि खाडीतला रोजगारही त्याच तक्त्यात आला पाहिजे. चारही ऋतूंची मोजणी, खाडीपर्यंतचा अभ्यास आणि प्रत्येक हरकतीला मराठीत लेखी उत्तर, यात एखादं वर्ष जास्त जाईल. पन्नास वर्षांच्या खाणपट्ट्यापुढे ते वर्ष फार नाही.

नियम बदलत नाहीत, तोवर गावाने आपल्या हातात आहे ते सोडू नये. सुनावणीची जाहिरात निघाल्यावर किमान 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत मराठी सारांश मागून घ्या, झरे, विहिरी, ओहोळ यांची नोंद तारखांसह लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या. मंजुरी निघालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला 30 दिवस असतात. सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यानंतर दार बंद होतं.