माणसं थोडी, शिवार मोठं

नागपूर-अमरावती महामार्गावरचं कारंजा (घाडगे) मागे टाकून आत वळलं की वर्धा जिल्ह्याचं निराळंच रूप दिसतं. दक्षिणेला हिंगणघाट-समुद्रपूरकडे सपाट काळी जमीन आणि कपाशी. इथे मात्र सातपुड्याच्या उतरत्या टेकड्या, मुरमाड उतार, गवताचे पट्टे, विरळ सागवान आणि मधूनच संत्र्याच्या बागा. गावं लहान, एकमेकांपासून लांब. कारंजा, आष्टी आणि आर्वी या तालुक्यांतल्या अशा कितीतरी गावांचा कारभार गट ग्रामपंचायत पाहते. कार्यालय एका गावात असतं आणि हद्दीत दोन-तीन गावं. त्यांच्या जोडीला कधी एखादं रिठी गावही असतं.

रिठी म्हणजे महसुली दप्तरात असलेलं, पण वस्ती नसलेलं गाव. तिथे शेती होते, सातबारा त्याच मौजाच्या नावाने निघतो, एखादं जुनं देऊळ किंवा बुजलेली विहीरही सापडते. राहायला मात्र कुणी नाही. दुष्काळ, साथी, पाण्याची टंचाई अशा कारणांनी माणसं उठून शेजारच्या गावात गेली. या जिल्ह्याने तसा काळ पाहिला आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर १९०१ ची जनगणना झाली, तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी घटून ३,८५,१०३ वर आली होती. २०११ मध्ये ती १३,००,७७४ झाली. पण ही वाढ सगळीकडे सारखी वाटली गेली नाही. धरणांनीही नकाशा बदलला. अप्पर वर्धा आणि निम्न वर्धा प्रकल्पांच्या बुडीत क्षेत्रातली गावं उठली आणि नव्या जागी पुनर्वसन म्हणून वसली.

ग्रामपंचायतीच्या विचारात वर्ध्याचं स्थान फार मोठं आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. पुढे त्याच गावाचं सेवाग्राम झालं. जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्यातल्या मगनवाडीतून ग्रामोद्योगाचं काम चालवलं आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या ६०६ गावांची पाहणी करून घेतली. वर्ध्याच्याच वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये गावपंचायतीच्या पायावर उभं राहणारं स्वतंत्र भारताचं संविधान कसं असावं, याचा आराखडा छापला. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर कडाडून टीका केली, आणि त्याच महिन्यात पंचायतींचा आजचा अनुच्छेद ४० मसुद्यात आला. आंबेडकरांचा तो आक्षेप आजही बाजूला ठेवता येत नाही. चार घरांच्या गावातही कोणाची वस्ती कुठे आणि नळ आधी कोणाकडे, हे प्रश्न असतातच.

सध्याचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालतो. सदस्य किमान ७, जास्तीत जास्त १७. किती, ते लोकसंख्येवर ठरतं. खरी गोम इथेच आहे. या व्यवस्थेत माणसं मोजली जातात, शिवार मोजलं जात नाही. करांचंही तसंच. ग्रामपंचायत घरपट्टी लावते, दिवाबत्ती आणि पाण्याची पट्टी घेते. शेतसारा ज्या जमिनीवर आकारला जातो, त्या जमिनीवर तिला कर बसवता येत नाही. म्हणजे हजारो एकरांचं शिवार आणि दीडशे घरं असतील, तर उत्पन्न दीडशे घरांचंच.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताने नेमका उलटा मार्ग धरला. तिथल्या गवताळ मैदानावर १९०९ च्या सुमारास ग्रामीण नगरपालिका आखल्या गेल्या त्या पट्टीने रेघा ओढून. साधारण १८ मैल लांब, १८ मैल रुंद असा एकेक चौकोन. यंत्रं आली, शेतं मोठी झाली, माणसं शहरात गेली. आज काही नगरपालिकांत शंभरही रहिवासी नाहीत. तरी त्या टिकून आहेत, कारण त्यांचा मुख्य कर जमिनीवर आहे आणि मुख्य काम रस्ते राखण्याचं आहे. आपल्याकडे शेतकऱ्यावर नवा कर लादावा असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण निधी वाटताना अंतराचा खर्च धरायला काय हरकत आहे? चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीसाठी राज्यांचा वाटा ठरवताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिलं. पंधराव्यानेही तेच प्रमाण ठेवलं. त्यातही २०२१-२२ पासून ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेला. तीन वस्त्यांना तीन विहिरी, तीन टाक्या, तीन पंप लागतात. त्याच लोकसंख्येच्या एकगठ्ठा गावाचं एका टाकीत भागतं.

या अंतराचा सर्वांत मोठा भार ग्रामसेवकावर पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने या पदाला ग्रामपंचायत अधिकारी हे नाव दिलं. गावकऱ्यांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे. १ ते ३३ नमुन्यांची दप्तरं, घरपट्टीची वसुली, जन्म-मृत्यूच्या नोंदी, दाखले, ऑनलाइन भरणा, सगळं त्याच्याकडे. त्यातच शेजारच्या पंचायतीचा अतिरिक्त कार्यभार आला, की आठवड्यातला कोणता वार कोणत्या गावाला, हे लोक पाठ करून ठेवतात. दाखल्यासाठी दुसऱ्या गावाहून पायी आलेल्या म्हाताऱ्या बाईला तो वार चुकला, तर तिची दिवसभराची मजुरी बुडते.

ग्रामसभेचं गणितही वस्तीवर फिरतं. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते लागतं. सहाशे मतदारांच्या गटाला नव्वद माणसं हवीत. ऑगस्टमध्ये डवरणी-निंदणी चालू असताना, ओढा भरलेला असताना, दुसऱ्या गावाहून ती यायची कशी? मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून कार्यालय ज्या गावात त्याच गावचे लोक निर्णय घेऊन मोकळे होतात. याच कारणाने लहान वस्तीच्या मागण्या वर्षानुवर्षं यादीच्या तळाशी राहतात, आणि त्यात पहिली मागणी बहुतेक वेळा पांदण रस्त्याची असते. पावसाळ्यात बैलबंडी शेतात जात नाही, संत्रा बाहेर निघत नाही. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जाणाऱ्याला अंधारात त्याच चिखलातून जावं लागतं.

शिवारातल्या पडीक जमिनीची कथा आणखी गुंतागुंतीची. जमीनदारीची मालगुजारी पद्धत गेली, तेव्हा गावाच्या निस्ताराची, म्हणजे चराई-सरपणाची, खुरट्या झुडपांची जमीन सरकारकडे आली आणि पूर्व विदर्भात ती ‘झुडपी जंगल’ म्हणून दप्तरात बसली. वर्ध्यासह सहा जिल्ह्यांत अशी ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमीन आहे. कुठे शाळा, कुठे स्मशान, कुठे घरं तिच्यावरच उभी राहिली. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच असल्याचं सांगितलं आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना केंद्राची मंजुरी घेण्याचा मार्ग राज्याला दाखवला. जंगल वाचलं पाहिजे, यात शंका नाही. पण इथली गवताळ जमीन म्हणजे गवळाऊ जनावरांचा चारा आहे. पांढरीशुभ्र, चपळ अशी ही जात मुख्यतः नंदगवळ्यांनी सांभाळली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिचं शासकीय पैदास केंद्र आहे. गवताला केवळ विरळ जंगल समजून तिथे सरसकट झाडं लावली, तर हा पशुपालक उघड्यावर येईल. चराईचा प्रश्न ग्रामसभेला विचारूनच सोडवायला हवा.

थोड्या माणसांनी मोठं शिवार राखता येतं, हे आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने दाखवून दिलं. कोलाम आदिवासींचं हे लहानसं डोंगरातलं गाव. जलसंधारणाच्या २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत, ८ एप्रिल ते २२ मे या पंचेचाळीस दिवसांत, विदर्भाच्या ऐन उन्हात बायका-पुरुषांनी उतारावर चर खोदले, बांध घातले. राज्यातलं पहिलं बक्षीस, ५० लाख रुपये, या गावाला मिळालं. मातीचे चर मात्र पावसात भरत जातात. गाळ काढणं, फुटलेले बांध सांधणं हे काम पुढेही लागतं, आणि त्याची तरतूद गावाच्या वार्षिक आराखड्यात ग्रामसभेलाच करून घ्यावी लागते.