भरतीच्या रेषेखालची मालकी

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचे माहुल गाव कुठे संपते? महसुली नकाशा म्हणतो, भरतीच्या रेषेशी. गावच्या कोळ्याला विचारले तर ओहोटीला उघडा पडणारा चिखलही गावातच येतो. चिंबोऱ्या आणि निवट्या तिथेच मिळतात, कोळणी शिंपल्या वेचतात त्याही तिथेच, आणि होड्या लागतात त्याही त्याच काठाला. या दोन उत्तरांमधल्या पट्ट्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न इंग्रजी कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी निकाली काढला. त्यासाठी बंदूक लागली नाही, एक कलम पुरले.

वसाहतवाद्यांनी जगभर भूमी घेतली, पण कारणे जागेनुसार बदलली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1823 मध्ये ‘जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश’ खटल्यात ठरवले की भूमीचा ‘शोध’ लावणारा युरोपीय देश मालक होतो आणि मूळ रहिवाशांकडे उरते ती फक्त वहिवाट. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स वसाहतीबद्दल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1889 मध्ये म्हटले की तो मुलूख जवळपास निर्मनुष्य होता. ही कल्पना तिथल्या उच्च न्यायालयाने 1992 मध्ये माबो खटल्यात मोडीत काढली.

कोकणपट्टीला निर्मनुष्य म्हणणे अशक्य होते. 1774 मध्ये इंग्रजांनी मुंबईलगतची साष्टी घेतली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली, तेव्हा इथली गावे पोर्तुगीज आणि मराठे अशा दोन राजवटींना सारा भरून चुकली होती. म्हणून इथे युक्तिवाद उलटा झाला. माणसे आहेत हे मान्य, पण हक्क कागदावर दाखवा!

कलम 37

1865 च्या मुंबई सर्व्हे कायद्याने मोजणी आणि आकारणीची घडी बसवली. जी जमीन पिकते तिला सर्व्हे नंबर मिळाला आणि त्यापुढे खातेदाराचे नाव लागले. जाळी वाळवायची जागा, होड्या ओढायचा काठ आणि खाडीचा तळ यांवर सारा नव्हता, त्यामुळे नावही नव्हते. मग आला 1879 चा मुंबई जमीन महसूल कायदा. त्याच्या कलम 37 ने भरतीच्या रेषेखालचा समुद्र, बंदरे आणि खाड्यांचा तळ, नद्या, तलाव आणि कोणाच्याही मालकीची नसलेली सारी जमीन सरकारची ठरवली. हक्क सिद्ध करणाऱ्याला अपवाद होता, पण पुरावा देण्याचा बोजा त्याच्यावर. पुढे मुदतीची अटही आली: कलेक्टरचा निर्णय विरोधात गेला तर वर्षाच्या आत दावा लावायचा, नाहीतर हक्क संपला.

समुद्राचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे त्याआधीच, 1876 मध्ये, ‘बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा’ या कोळ्यांच्याच आपसातल्या वादात आला होता. मुख्य न्यायाधीश वेस्ट्रॉप यांनी मासेमारी हा सार्वजनिक हक्क मानला आणि एकाने दुसऱ्याच्या मासेमारीत अडथळा आणू नये, असेही बजावले. निकाल सहानुभूतीचा होता. पण जे सर्वांचे मानले गेले, त्यावर एका गावाची मालकी सांगता येईना.

ताबा न घेता घेतलेले

1894 च्या भूसंपादन कायद्याने दुसरे हत्यार दिले. ‘सार्वजनिक प्रयोजन’ आहे असे सरकारने जाहीर केले की तोच निर्णायक पुरावा, आणि कंपन्यांसाठीही जमीन घेण्याची सोय. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही 2013 अखेरपर्यंत चालला.

1951 मध्ये भारत सरकारने परदेशी तेल कंपन्यांशी करार केले. माहुल परिसरात 1954 मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि 1955 मध्ये बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे आहेत. शेजारी खत कारखाना, वीज केंद्र, साठवण टाक्या आणि पीर पाऊची जेट्टी उभी राहिली. माहुल-आंबापाड्याच्या हवेतल्या प्रदूषणाची दखल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये घेतली. खाडीच्या तळाचे काय गेले, याचा हिशेब मात्र भूसंपादनाच्या कागदात सापडणारच नाही, कारण जे आधीच सरकारचे ठरले ते संपादित करावे लागत नाही.

कलम 37 आजही जिवंत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये त्याचा क्रमांक फक्त 20 झाला, वर्षभराची मुदतही तशीच राहिली. 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याने पाण्यावर उपजीविका असलेल्या मच्छीमार कुटुंबांना ‘बाधित’ मानले, हे मोठे पाऊल होते. पण ही व्याख्या लागू व्हायला जमीन संपादित व्हावी लागते. शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूच्या बाधित मच्छीमारांना नुकसानभरपाई मिळाली, पण भरपाई हे धोरण असते, हक्क नव्हे. धोरण पुढच्या प्रकल्पात बदलू शकते.

जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने 2006 च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच मान्य केले आणि हक्कांच्या दाव्यात वडीलधाऱ्यांची साक्षही पुरावा म्हणून चालेल, अशी नियमांत तरतूद झाली. किनाऱ्यासाठी असा कायदा नाही. तो करायचा तर आधी पुराव्याचा बोजा उलटवावा लागेल. माहुलच्या कोळ्यांनी चिखलावरची वहिवाट सिद्ध करण्याऐवजी, ती कधी आणि कोणत्या मोबदल्यात संपली, हे सरकारने दाखवावे.